लाडाचा तांदूळ

कोंबडी या प्राण्यावर माझं कधीच प्रेम नव्हतं, आजही नाही. ज्यांनी कोंबड्या पाळल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. हा जीव एकतर कुणाच्या तरी मागे लागलेला असतो, नाहीतर कुणीतरी त्याच्या मागे लागलेलं असतं, आणि दोन्ही वेळा आरडाओरडा तेवढाच. नातवंडं हौसेने पिल्लं मागतात तेव्हा मी सरळ नाही म्हणते. तरीही बोईसरच्या त्या दिवसांबद्दल लिहायला बसले की कारखान्याचा भोंगा, शाळा, मैत्रिणी हे सगळं मागे राहतं आणि डोळ्यांपुढे येतं ते स्वयंपाकाच्या ओट्याखालचं चिकूचं खोकं. त्यात दहाएक पिल्लं, टुकटुक बघणारी, भूक लागली म्हणून ओरडणारी, आणि एकालाही उभं राहता येत नसलेली.

आम्ही मूळचे माणदेशातले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोईसरच्या नव्या एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही तिघं ट्रंक, जातं आणि बाजरीचं पोतं घेऊन इकडे आलो. जनाकाकूंच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. काकूंचं अंगण मोठं, शेणाने सारवलेलं, कडेला कुडाचा गोठा, मागे ताडांची रांग. वारा सुटला की ताडाची झापं अशी वाजायची की पहिले काही दिवस आई पाऊस आला म्हणून वाळवण उचलायला धावायची. काकूंच्या चुलीवर सुकट भाजली की आई पदर नाकाला लावून आत येऊन बसायची. मला मात्र तो वास आवडायला लागला होता, पण तसं आईसमोर म्हणायची सोय नव्हती.

आईला सगळ्यात नवल वाटलं ते भाताचं. आमच्याकडे भात म्हणजे सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. लहानपणी ताप आला की मी मनातून खूश व्हायचे, कारण मऊ भात मिळायचा. आणि इथे लोक सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात, वर भाकरीसुद्धा तांदळाचीच! आई अण्णांना म्हणायची, "अवं, हितं रोजच दिवाळी हाय की." बाजरीचं पोतं संपल्यावर आम्हीही भातावर आलो. आईला त्याचा मनातून अभिमान होता. गावाकडचं कुणी आलं की ती तांदळाचा डबा उघडाच ठेवायची, सहज दिसावा म्हणून.

तो अभिमान फार दिवस टिकला नाही. पहिलं वर्ष संपता संपता तिला दिवस गेले होते, आणि सहाव्या महिन्यात ते मूल गेलं. मला तेव्हा कुणी काही नीट सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला सांगायची पद्धतच नव्हती. दोन दिवस काकूंकडे जेवले, तिसऱ्या दिवशी घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नंतर ती उठली, कामाला लागली, पण बोलायची बंद झाली. विचारलं की उत्तर द्यायची, आपणहून काही नाही. कोपऱ्यावरच्या पाण्याच्या पंपापलीकडे ती जाईना. अण्णा पाळीवरून आले की मला खुणेने विचारायचे, आज कशी आहे? मी खांदे उडवायचे. घरात माणसं तीन आणि आवाज फक्त भांड्यांचा, याची मला फार भीती वाटायची.

मग मामा आला, तो टोपलीत एक कोंबडी घेऊन. आमच्या आजोळची, गळ्याभोवती पिसं नसलेली, दिसायला अगदी ओंगळ. एसटीने, मग रेल्वेने, पुन्हा एसटीने तिने केलेल्या प्रवासाची तक्रार ती दोन दिवस करत होती. आईने तिला घेतलं आणि गावाकडच्या भाषेत तिच्याशी बोलायला लागली. अण्णा आणि मी दाराआड उभं राहून ऐकत होतो. "आली व्हय गं? दमली असशील. आमी बी अशीच आलो हुतो." अण्णांचे डोळे भरून आले. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून नजर वळवली.

काकूंचा कोंबडा आयताच होता. कोंबडीने अंडी घातली, खुडूक बसली, पिल्लं निघाली. आणि पिल्लांना पुरते पंखही फुटले नव्हते तेवढ्यात मुंगसाने कोंबडी नेली. भरदुपारी, अंगणातून. मला वाटलं, झालं, आई आता पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण तिने पिल्लं ओच्यात गोळा केली, घरात आणली आणि दाराला कडी घातली. बाजारातून चिकूचं खोकं आलं, त्यात वर्तमानपत्र अंथरलं गेलं, उबेला वर दिवा टांगला गेला. "आता ह्यास्नी भाईर सोडायचं न्हाई," तिने जाहीर केलं.

आणि त्यांना खायला काय? तर कोलम तांदूळ. गिरणीत दोनदा सडून पांढराशुभ्र केलेला. आई तो निवडायची, तीन पाण्यांनी धुवायची, पाट्यावर जरासा भरडायची आणि पितळी वाटीत घालून खोक्यात ठेवायची. आम्हाला जाडा भात आणि पिल्लांना कोलम! जनाकाकू एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगो, तांदूळ काय घालतंस? आमीपण कणी खातो नि कोंबड्यांना कोंडा टाकतो. सोड त्यांना उकिरड्यावर, आपलं आपण पोट भरतील." आईने हसून मान डोलावली आणि काकू गेल्यावर मला म्हणाली, "आयबिगर पोरं ती. उकिरड्यावर घालू व्हय?" तिला वाटलं काकू चिकटपणाने बोलतायत. आमच्या मुलखात ज्याच्यावर माया करायची त्याला तांदूळ घालायचा, एवढं साधं गणित होतं, आणि ते चुकेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

ती आता बोलायला लागली होती. पिल्लांशी, मग पिल्लांबद्दल माझ्याशी, मग अण्णांशी. एकाला ती पैलवान म्हणायची, एकाला तात्या, कारण ते सारखं घसा खाकरल्यासारखं करायचं. घरात पुन्हा आवाज आले. म्हणून ज्या सकाळी पैलवान खोक्यात बसून राहिलं आणि वाटीकडे पंखांवर रेटा देत सरपटत गेलं, त्या सकाळी मी आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

आधी वाटलं पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बसली. आठवडा सरेतो सगळं खोकं बसलं. ती आपल्या घोट्यांवर बसायची, पायांची बोटं आत वळलेली, जसं तान्हं मूल मूठ मिटून घेतं तशी. उभं करायला जावं तर बाजूला कलंडायची. पण डोळे लख्ख, आवाज खणखणीत, आणि खायला पुढे. तेच तर विचित्र होतं. आईने हळद-तेल चोळलं, विटेचा शेक दिला, लसणीची पाकळी चारली, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आणि खातायत तर अंगात ताकद येईल म्हणून तांदूळ वाढवला. अति तिथे माती म्हणतात ते असं.

जनाकाकूंनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मानमोडी हाय ही," त्या म्हणाल्या. "दोन सालांमागं माज्या सगळ्या कोंबड्या गेल्या. सकाळी टोपली उचलली नि एक पण जिती नाय. तुजी पिल्लं जायची ती जातील, माजी पण घेऊन जातील." आई म्हणाली, "काकू, ती खात्यात की वो." काकू म्हणाल्या, "खात असतील. पण रविवारपर्यंत त्यांचं काय ते कर. मी वाईट नाय, पण मला परत ते बघायचं नाय." दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं त्यातलाच प्रकार. आज मला त्यांचं म्हणणं पटतं, त्यांच्या घरचं भाजी-मीठ कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायचं. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात त्यांना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या.

अण्णा समजूतदार माणूस, आणि समजूतदार माणसाचा जो दोष असतो, लवकर हार मानण्याचा, तो त्यांच्यात होता. त्यांनी ताडामागे एक खड्डा खणून ठेवला. आईला म्हणाले, "कोंबडीची पिल्लं ती. दुसरी आणू. रविवारी मला सुट्टी हाय, तू लेकीला घेऊन देवळात जा, मी बघतो." आई काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला चांगलं ठाऊक झालं होतं. त्या संध्याकाळी तिने खोक्यावरच्या दिव्याची काच पुसली, पिल्लांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी तेव्हा जे ठरवलं ते मायेपोटी नाही, भीतीपोटी ठरवलं. पिल्लं गेली तर आई पुन्हा जाणार, आणि या वेळी परत येणार नाही, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची म्हैस पालघरच्या जनावरांच्या दवाखान्यात बरी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, "पालघरला दाखवू या." ती म्हणाली, "कोंबडीला कुणी दवाखान्यात नेतं व्हय? हसतील." मी म्हटलं, "हसू देत. मी एकटी जाते." खरं तर मला एसटी स्टँडपलीकडचा रस्ताही ठाऊक नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उठून लुगडं बदललं. पंपापलीकडे न जाणारी माझी आई, मामाच्या त्याच टोपलीत पैलवान, तात्या आणि आणखी एकाला घालून, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून, माझा हात धरून पालघरच्या एसटीत चढली. टोपलीतून चिवचिव व्हायला लागली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ओ मावशी, ह्यांचं पण तिकीट काढायला लागेल." सगळी गाडी हसली. आईने टोपली आणखी जवळ घेतली आणि म्हणाली, "काढा की. आजारी हाईत बापडी." मग कुणी हसलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर एका बैलाच्या पायात रुतलेली काडी काढत होते. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, शर्टावर औषधाचे डाग, एकंदर माणूस घाईतला. आमची पाळी आली तेव्हा आईने टोपली पुढे केली. "आवं डाक्टर, खात्यात, पित्यात, वरडत्यात, पर हुबीच ऱ्हाईनात." मला वाटलं आता हे हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी पैलवानाला तळहातावर घेतलं, डोळे पाहिले, चोच उघडून घसा पाहिला, शेपटीखालची पिसं पाहिली, मग वळलेली बोटं आपल्या बोटाने अलगद सरळ केली. सोडली की ती पुन्हा आत वळली.

"मानमोडी नाही ही," ते म्हणाले. "मानमोडीत श्वासाला घरघर लागते, हिरवी हगवण होते, मान पिळवटते, आणि एव्हाना तुमचं खोकं रिकामं झालं असतं. आणखी एक रोग असतो, त्यात एक पाय पुढे आणि एक मागे असा पडतो, तो जरा मोठ्या तलंगांना, म्हणजे वाढत्या कोंबड्यांना होतो, त्याला औषध नाही. तोही नाही हा." मग त्यांनी विचारलं, "काय घालता खायला?"

आई जरा ताठ झाली. "तांदूळ," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि कशाला? चांगला कोलम हाय. धुऊन घालते."

"बाहेर सोडता?"

"छ्या! एकदाबी न्हाई."

डॉक्टरांनी पिल्लू खाली ठेवलं आणि मग मात्र ते हसले. वाईट हसले नाहीत, आपला माणूस काहीतरी वेडेपणा करतो तेव्हा आपण हसतो तसे. "अहो बाई, लाडानं पांगळी केलीत त्यांना. गिरणीतून तांदूळ इतका पांढरा होऊन येतो म्हणजे त्याच्यातलं सत्त्व कोंड्याबरोबर निघून गेलेलं असतं. मोकळी असती तर किडे, पाला, शेणातले दाणे उकरून त्यांनी भरून काढलं असतं. तुम्ही खोक्यात कोंडून एकच एक घातलंत. पोट भरलं, नसा उपाशी राहिल्या." मग त्यांनी उपाय सांगितले. औषधाच्या दुकानातून बी कॉम्प्लेक्सची बाटली घ्यायची आणि ते पिण्याच्या पाण्यात घालायचं. तांदूळ बंद, भाताचा कोंडा सुरू. शेवग्याचा पाला बारीक चिरून, ताक, जमलं तर उकडलेली कलेजी. वर्तमानपत्रावर पाय घसरतात, म्हणून खाली रेती अंथरायची. दिवसा ऊन दाखवायचं. "आणि तुमच्याकडे ताडी निघते ना? तळाला बसतो तो गाळ चमचाभर कोंड्यात कालवा. त्यात हेच सत्त्व असतं. लवकर आणलीत, बहुतेक उठतील. एखादं नाही उठणार, त्याला इलाज नाही."

आम्ही बाहेर आलो. मला नाचावंसं वाटत होतं. रोग सापडला, औषध सापडलं, काकूंच्या कोंबड्यांना धोका नाही! पण आई एसटीत खिडकीशी बसून टोपलीकडेच बघत होती. वाटेत कधीतरी हळूच म्हणाली, "माज्याच हातचं खाऊन झालं गं ह्यास्नी." मी म्हटलं, "तुला काय माहीत होतं?" ती म्हणाली, "न्हाई म्हाईत म्हणून काय, हात माजाच न्हवं." मला तिच्या या बोलण्याचा भलताच राग आला. एवढी चांगली बातमी आणि हिचं हे! तिच्या मनात त्या वेळी दुसरंच काही चाललं होतं हे कळायला मला बरेच दिवस लागायचे होते.

घरी पोचल्यावर मात्र तिने तोंड धुतलं, पदर खोचला आणि सरळ काकूंच्या ओटीवर गेली. आजवर ती आपणहून कधी तिथे गेली नव्हती. "काकू, मानमोडी न्हाई. डाक्टर म्हणला, माजी चूक हाय. तुमी सांगितलं हुतं कोंडा घाल म्हणून, मी ऐकलं न्हाई. आता कोंडा द्या. आणि," इथे ती अडखळली, कारण अण्णांच्या घरी दारूचा थेंब चालत नव्हता आणि ताडीचं नाव तिने आयुष्यात उच्चारलं नसेल, "आणि त्ये ताडीच्या तळाचं असतंय त्ये."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "कुणाला? तुला?"

"पिल्लास्नी वो!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ओटीच्या खांबाला धरून बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "बरं. पण डाक्टर बोलला म्हणून मी नाय ऐकणार. रविवारी माज्या डोळ्यांनी बघीन. एक जरी मेलं तर सगळी बाहेर." मग आत जाऊन त्यांनी टोपलीभर कोंडा आणला. संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, वाटीत ताडीचा पांढुरका गाळ पाठवला, वर निरोप, "पिल्लं गायला लागली तर मला पण बोलवा."

त्या दिवसांतल्या कामाची आठवण अजून हाताला आहे. समुद्राकडून येणाऱ्या एका बाईने शिरगावच्या किनाऱ्यावरची रेती आणून दिली. मी शेवग्यावर चढून पाला काढायचे, आई तो इतका बारीक चिरायची की कोंड्यात मिसळून हिरवा रंगच दिसायचा. पहिल्या दिवशी पिल्लांनी कोंड्याला तोंड लावलं नाही. कोलमची चटक लागलेली! आई कासावीस झाली. मुठीत तांदूळ घेऊन ती खोक्यापाशी बसली आणि पुन्हा तो डब्यात टाकून आली. तेवढं करणं तिला किती जड गेलं असेल ते आता, माझ्या तीन मुलांच्या नको त्या हट्टांना नाही म्हणून झाल्यावर, मला समजतं. भूक लागल्यावर त्यांनी चोच घातली. गाळाच्या आंबूस वासाने घर भरून गेलं. अण्णा पाळीवरून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "हितं गुत्ता कवा काढला?" आई हसली. आवाज न करता हसली, पण हसली.

शुक्रवारी तात्याची बोटं जराशी उघडली. मला तसं वाटलं, आईला वाटलं नाही, यावरून आमचं भांडण झालं. शनिवारी ते एक पाय टेकून, पंख पसरून, दारुड्यासारखं डोलत उभं राहिलं आणि पडलं. पुन्हा उभं राहिलं. आई खोक्याशी गुडघे टेकून बसली होती, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी सकाळी अण्णा खड्ड्याकडे गेले नाहीत. मुद्दाम दाढी करत बसले, चांगला अर्धा तास. काकू आल्या, दोन्ही हात कमरेवर. आईने खोकं उचलून अंगणात नेलं, पायरीवर ठेवलं आणि एकेक पिल्लू बाहेर मातीवर ठेवलं. दोन बसूनच राहिली. बाकीची उभी होती, पाय रुंद टाकून, जग केवढं मोठं आहे ते बघत. तेवढ्यात काकूंची एक थोराड कोंबडी तरातरा आली आणि तिने तात्याच्या डोक्यावर चोच हाणली. मी ओरडले. आई पुढे झेपावली, आणि थांबली. कारण तात्या पळत होतं. वाकडंतिकडं, एक पाय फेंगडा टाकत, पण पळत होतं, अंगणभर, आणि कोंबडी मागे. "अगो, हे तर धावतंय!" काकू म्हणाल्या. आई म्हणाली, "धाव माज्या लेकरा, धाव!" आणि ती हे इतकं ओरडून म्हणाली की काका गोठ्यातून बाहेर आले. ताडामागचा खड्डा फुकट जाऊ नये म्हणून काकूंनी त्यात अळू लावला.

बसलेल्या दोन पिल्लांपैकी एक पुढे गेलंच. ते खोक्यातच गेलं, आणि आईने त्याला स्वतः पुरलं; काकूंनी तोवर आपली अट सोडून दिली होती. दुसरं लंगडं राहिलं, पण जगलं. बाकी सगळी उकिरड्यावर गेली आणि घाणेरडी, दांडगट, निरोगी झाली. ती दांडगट झाली तसं माझं त्यांच्यावरचं होतं नव्हतं तेवढं प्रेमही आटलं, पण ते वेगळं.

डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. पावसाळ्याआधी आम्ही गेलो, या वेळी एकट्या तात्याला घेऊन. ते आता चांगलं तुऱ्याचं कोंबडं होत आलं होतं आणि टोपलीत मावत नव्हतं. डॉक्टरांनी त्याची बोटं ओढून पाहिली, त्याने त्यांना टोचलं, ते खूश झाले. "छान. जा आता," म्हणाले. आई उठली नाही.

"डाक्टर, एक इचारू?"

"विचारा."

"माजं बाळ गेलं पोटातलं. सहाव्या म्हैन्यात. त्येच्या आदल्या दिवशी मी पपई खाल्ली हुती. पिकल्याली. लई ग्वाड लागली म्हणून आख्खी खाल्ली. कुणाला सांगितलं न्हाई." ती डॉक्टरांकडे नाही, कोंबड्याकडे बघत बोलत होती. "ह्या पिल्लांवानी त्येलाबी माज्या हातचंच बाधलं का?"

म्हणजे इतके महिने भिंतीकडे तोंड करून ती हे बघत होती. आणि एसटीत जे म्हणाली ते पिल्लांबद्दल नव्हतंच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही, नाही, पण मला काय कळत होतं?

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, मी जनावरांचा डॉक्टर. ह्याचं उत्तर मी द्यायचं नाही, आणि तुम्ही ते माझ्याकडून घेऊही नका. सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर आहेत, आज बसतात. मला विचारलंत ना, तसंच त्यांना विचारा. आजच विचारा." मग कोंबडं टोपलीत घालायला मदत करताना म्हणाले, "पण हे जे माझ्या हाताला टोचलं, ते तुमच्याच हाताने उभं केलंय. एवढं मी पाहिलंय."

आईने पत्ता विचारला आणि ती चालायला लागली. मी टोपली घेऊन मागे. दवाखान्यात बायकांची रांग, लहान मुलांची रडारड, आणि आमचं तात्या नेमकं तिथेच आरवायला शिकलं. घसा बसलेल्या माणसासारखं, पण पोटातून. दारावरची आयाबाई धावत आली. "ओ बाय, कोंबडा घेऊन कुठं? हा माणसांचा दवाखाना हाय."

"ठावं हाय," आई म्हणाली. "त्येच्यामुळंच आलोय."

बायका हसल्या, सरकल्या, जागा दिली. आईला आत घेतलं तेव्हा मी उठले, तर ती म्हणाली, "तू बस. मी जाते." दार लोटलं गेलं. मी बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले, कोंबड्याच्या पाठीवर हात ठेवून. त्याचं अंग गरम होतं आणि आतलं काळीज धडधडत होतं, की माझंच होतं कोण जाणे.

आई बाहेर आली तेव्हा रडलेली दिसत होती. ती सरळ फाटकापर्यंत गेली. तिथे एका फळवाल्याची गाडी होती. तिने एक पपई निवडली, दाबून पाहिली, वास घेतला. "कापून द्या," म्हणाली. फळवाल्याने फोडी केल्या. तिने एक फोड उचलली, हातात धरून उभी राहिली, आणि मग रस्त्यावरच, पदराने तोंड न झाकता, खाल्ली. दुसरी मला दिली. "खा," ती म्हणाली. "पिकल्या पपईनं काय होत न्हाई म्हणाली ती डाक्टरीन. माजा काय दोष न्हवता म्हणाली." रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. तिने तिसरी फोडही खाल्ली, आणि बिया कोंबड्यापुढे टाकल्या.